वर्गातला आपला कल कसा तपासायचा: मुंबईत नव्याने शिकवायला लागलेल्यांसाठी

‘तुमच्या मनात मुलांबद्दल पूर्वग्रह आहेत का?’ असं शिक्षकांना विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘माझ्यासाठी सगळी मुलं सारखीच.’ हे खोटं कुणी बोलत नाही, पण या उत्तराचा उपयोगही होत नाही. मनात कितीही डोकावलं तरी स्वतःचा कल दिसत नाही. तो दिसतो कागदावर: प्रश्न कुणाला विचारले, पेपर कसे तपासले, प्रगतिपुस्तकात शेरे काय लिहिले, झाडू कुणाच्या हाती दिला. तिथून तो मोजून काढता येतो आणि बराचसा कमीही करता येतो. खालची पद्धत पहिल्या सत्रात, म्हणजे जून ते दिवाळीच्या सुट्टीपर्यंत, रोजचं काम सांभाळून होण्यासारखी आहे. शाळा महापालिकेची असो, अनुदानित असो की खाजगी.

काय लागेल

- वर्गाचा आसननकाशा, म्हणजे बाकांची चौकट आणि प्रत्येक चौकटीत मुलाचं नाव. सहा-सात झेरॉक्स काढा.
- शंभर पानी वही. शाळेला दाखवायच्या टाचणाच्या वहीत हे लिहू नका.
- एक लिफाफा आणि चिकटपट्टी.
- मागच्या वर्षीच्या वर्णनात्मक नोंदी, मिळाल्या तर.
- एक सहकारी, ज्याला तुमच्या वर्गात मागे बसायला दोन-तीन ऑफ तास देता येतील. तुमच्यापेक्षा ज्येष्ठ नसलेला बरा, नाहीतर त्याची पाठपाहणी होऊन बसते.

पडद्यावर शब्द आणि चित्रं झटपट जुळवायला लावून ‘छुपा कल’ दाखवणाऱ्या चाचण्या इंटरनेटवर मिळतात. कुतूहल म्हणून करून बघायला हरकत नाही. मात्र एकाच माणसाचा निकाल आज एक आणि पुढच्या महिन्यात वेगळा येऊ शकतो, त्यामुळे त्यावरून स्वतःला प्रमाणपत्र देऊ नका आणि शिक्षाही करून घेऊ नका.

१. नावावरून काढलेले अंदाज पुसून टाका

शाळेच्या नोंदीत ‘मातृभाषा’ हा रकाना असतो. तो अनेकदा प्रवेशाच्या गर्दीत आडनाव पाहून भरलेला असतो. मुंबईत हा अंदाज फार वेळा फसतो. रत्नागिरी-रायगडकडचं परकार किंवा दळवी आडनावाचं मुस्लिम मूल घरी कोकणातली मराठी बोलत असतं आणि शाळा त्याला उर्दू भाषक धरून चालते. गोराई, मनोरी, मरोळ या भागांतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत मराठीचीच एक बोली चालते, पण वर्गात नाव ऐकून त्या मुलाशी थेट इंग्रजीत बोललं जातं. धारावीत कुंभारवाड्यातलं मूल गुजराती असेल, तर पुढच्या गल्लीतलं तमिळ. आरेच्या पाड्यांवरची वारली मुलं ‘मराठी’ या एकाच रकान्यात जमा होतात आणि त्यांच्या बोलीची दखल कुठेच राहत नाही.

म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक मुलाला एकेकट्याने, मधल्या सुट्टीत किंवा वही तपासताना, तीन प्रश्न विचारा:

- घरी आजीशी किंवा लहान भावंडाशी कोणत्या भाषेत बोलतोस?
- शाळेत यायला घरून किती वाजता निघतोस?
- तुझं नाव घरी कसं उच्चारतात? मला म्हणून दाखव.

‘तुझी मातृभाषा कोणती?’ असं सरळ विचारलं की मूल शाळेला आवडेल ते उत्तर देतं. आजीचा प्रश्न खरं बोलायला लावतो. दुसऱ्या प्रश्नाचा फायदा पुढे नोंदी लिहिताना कळेल. वडिलांचा व्यवसाय, जात किंवा घर भाड्याचं की स्वतःचं, यातलं काहीही विचारायची गरज नाही. वर्गासमोर तर मुळीच नाही.

इथे एक सापळा आहे. माहिती हाती आली की तिचं प्रदर्शन मांडायचा मोह होतो: ‘तू तमिळ ना, मग पोंगलबद्दल सगळ्यांना सांग.’ आठ वर्षांच्या मुलाला त्याच्या समाजाचा प्रवक्ता करू नका. त्याला सांगायचं असेल तर तो आपणहून सांगेल.

२. तुमचे अंदाज लिफाफ्यात बंद करा

पहिल्या घटक चाचणीच्या आधी वहीत पूर्ण वर्गाची यादी काढा. प्रत्येक नावापुढे १ ते ५ मध्ये अंदाज लिहा: या चाचणीत हे मूल कुठे असेल? शेजारी तीन-चार शब्दांत कारण. विचार करत बसू नका, नावाला दहा सेकंद पुरेत. पान फाडून लिफाफ्यात टाका, चिकटवा, तारीख घाला.

चाचणी झाल्यावर उघडा. अंदाज किती चुकले हे पाहू नका, कोणत्या बाजूला चुकले ते पाहा. ज्यांना तुम्ही खाली धरलं आणि जी वर आली, त्यांची वेगळी यादी करा. त्या यादीत एकाच वस्तीची, एकाच भाषेची, मळक्या गणवेशाची किंवा गप्प बसणारी मुलं दाटीने दिसतात का? मग ‘कारण’ वाचा. ‘उत्तरं देत नाही’ हे तुम्ही पाहिलेलं आहे. ‘घरचं वातावरण’ हे तुम्ही गृहीत धरलेलं आहे.

अंदाज मनातच राहतात, मुलांपर्यंत जात नाहीत, असं वाटत असेल तर अमेरिकेतला एक जुना प्रयोग बघा. तो १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना काही मुलांची नावं देऊन सांगितलं, की ही मुलं या वर्षी झेप घेतील. नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली होती. वर्षअखेर पहिली-दुसरीतल्या त्या मुलांनी खरोखर जास्त प्रगती दाखवली. परिणाम किती मोठा, यावर अभ्यासकांत पुढे बराच वाद झाला. तरी लहान वर्गांत शिक्षकाची अपेक्षा हवेत विरत नाही, एवढं नक्की.

३. तास मोजून घ्या

सगळ्यात जास्त काही हाती लागतं ते इथे, म्हणून टाळाटाळ करू नका.

सहकाऱ्याला आसननकाशाची झेरॉक्स देऊन मागच्या बाकावर बसवा. पस्तीस मिनिटांत त्याने फक्त खुणा करायच्या, मत द्यायचं नाही:

- सो: सोपा प्रश्न, एका शब्दाचं उत्तर
- क: ‘का’ किंवा ‘कसं’ असा प्रश्न
- श: शाबासकी
- र: रागावणं किंवा टोकणं
- तो: मुलाचं उत्तर मध्येच तोडलं

एकाच विषयाचे, वेगवेगळ्या दिवशीचे तीन तास मोजा. एका तासावरून काही ठरवू नका. त्या दिवशी पुढच्या बाकावरचा एखादा बोलका मुलगा सगळं चित्र बिघडवू शकतो. सहकारी मिळालाच नाही तर मोबाइलवर फक्त आवाज रेकॉर्ड करा, घरी ऐकून स्वतः खुणा करा आणि लगेच पुसून टाका. मुलांचा व्हिडिओ काढू नका.

बेरजा गटाने करा. समजा पट ४८ आणि मुली २४. तीन तासांत ‘क’ प्रकारचे ३० प्रश्न झाले आणि त्यातले ९ मुलींना गेले. म्हणजे निम्म्या वर्गाला तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. असंच वस्तीप्रमाणे, भाषेप्रमाणे, बाकांच्या रांगांप्रमाणे करा. सहसा समोरच्या दोन रांगा आणि मधली पट्टी भरलेली दिसते आणि मागचे दोन्ही कोपरे कोरे. त्या कोपऱ्यांत कोण बसतं, हे पाहिल्यावर पुढचा प्रश्न आपोआप पडतो.

‘सो’ आणि ‘क’ यांचं प्रमाण नीट पाहा. बरेच चांगले शिक्षक गरीब घरच्या मुलांना प्रश्न कमी विचारत नाहीत, सोपे विचारतात. मूल अडखळू नये, चारचौघांत लाजू नये, हा हेतू असतो. वर्षभर असं चाललं तर त्या मुलाला ‘का’ या प्रश्नाचा सरावच मिळत नाही. आमच्या मते दयेतून येणारा हा कल तुसडेपणापेक्षा चिवट असतो, कारण त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. सोप्या उत्तराला ‘वा, वा!’ करणं हाही त्याचाच भाग. मुलांना ते बरोबर कळतं.

दुरुस्ती दोन गोष्टींनी होते. एक, नावांच्या चिठ्ठ्या किंवा आइस्क्रीमच्या काड्या डब्यात ठेवा आणि ‘क’ प्रश्नांसाठी काडी काढा. काढलेली काडी वेगळ्या डब्यात टाका, म्हणजे सगळ्या संपेपर्यंत फेरी पूर्ण होते. दुसरं, प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजा आणि मगच नाव घ्या. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतलं बोलणं टेप करून मोजलं, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एकच सेकंद थांबत होते. ही थांबण्याची वेळ तीन सेकंदांवर नेली की उत्तरं लांब आली आणि एरवी गप्प असलेली मुलं बोलू लागली. घरची भाषा वेगळी असलेलं मूल आधी प्रश्न मनात फिरवून घेतं. त्याला ते दोन सेकंद लागतातच.

४. पेपर तपासताना नाव झाका

भारतात झालेल्या एका अभ्यासात शिक्षकांना तपासायला दिलेल्या उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठावर जात, वय, मुलगा की मुलगी ही माहिती मुद्दाम यादृच्छिकपणे घातलेली होती. हाना आणि लिंडन यांचा हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीची नोंद असलेल्या उत्तरपत्रिकांना किंचित कमी गुण पडले. फरक लहान, पण सातत्याने एकाच दिशेचा. त्यातल्या दोन गोष्टी प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवाव्यात. हा फरक तपासणीच्या सुरुवातीच्या पेपरांत जास्त होता, म्हणजे निकष अजून हाताशी बसलेला नसताना. आणि गुण कमी देणाऱ्यांत त्याच जातींमधून आलेले शिक्षक पुढे होते. तेव्हा ‘मी स्वतः त्याच परिस्थितीतून वर आलोय, माझ्याकडून असं कसं होईल?’ हा बचाव चालत नाही.

त्यावरून पद्धत अशी:

१. पेपर वाटतानाच मुलांना नाव मागच्या पानावर खालच्या कोपऱ्यात लिहायला सांगा आणि कोपरा दुमडून घ्या.
२. उत्तरसूची आधी लिहा. चार गुणांच्या प्रश्नाला कोणत्या चार मुद्द्यांचे चार गुण, हे ठरल्याशिवाय पहिला पेपर उघडू नका.
३. एक पेपर सलग संपवण्यापेक्षा सगळ्यांचा प्रश्न १, मग गठ्ठा पिसून सगळ्यांचा प्रश्न २.
४. शेवटी पहिले आठ-दहा पेपर पुन्हा काढून बघा. बदल करावे लागले तर तिथेच लागतात.

अक्षर ओळखीचं असतं, नाव झाकून काय उपयोग, असं म्हटलं जातं. पन्नासच्या पटात सगळीच अक्षरं ओळखता येत नाहीत आणि उत्तरसूची हाताशी असली की ओळखलेल्या अक्षराचाही जोर कमी होतो.

भाषेचा मुद्दा वेगळा धरा. विज्ञानाच्या पेपरात ‘पानी १०० अंशाला उकळतं’ असं लिहिलं तर विज्ञानाचे गुण पूर्ण द्यायचे. ‘पानी’खाली रेघ मारून वर ‘पाणी’ लिहिलंत तरी गुणाला हात लावायचा नाही. प्रमाण लेखनाचे गुण मराठीच्या पेपरात, तेही त्यासाठी ठेवलेल्या प्रश्नात कापा. तोंडी बोलण्यात तर मध्येच दुरुस्ती करूच नका. मूल म्हणालं, ‘पानी आटलं म्हनून मीठ ऱ्हायलं,’ तर तुम्ही म्हणा, ‘बरोबर, पाणी आटलं म्हणून मीठ राहिलं. मग पाणी गेलं कुठे?’ प्रमाण रूप त्याच्या कानावर पडलं आणि विचारही तुटला नाही. वर्ग हसला तर हसणाऱ्यांना थांबवणं हे तुमचं काम. कुलाब्यापासून दहिसरपर्यंत आगरी-कोळी, मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी अशा किती बोली या शहरात उतरल्या आहेत. ‘अशुद्ध’ हा शब्द शिक्षकाच्या तोंडी न शोभणारा आहे.

५. शेऱ्यांची चाळणी

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातल्या वर्णनात्मक नोंदी बहुतेक ठिकाणी शेवटच्या आठवड्यात घाईने भरल्या जातात. घाई झाली की ठरीव वाक्यं हात आपोआप लिहितो. प्रत्येक शेऱ्याला एकच चाचणी लावा: हे मी स्वतः पाहिलं किंवा ऐकलं आहे का?

‘पालक लक्ष देत नाहीत.’ तुम्ही पाहिलंत ते एवढंच, की पालक दोन सभांना आले नाहीत. तेवढंच लिहा, किंवा त्याहून बरं, का आले नाहीत ते विचारा.

‘नियमित उशिरा येतो, शिस्त नाही.’ आता पहिल्या टप्प्यातला दुसरा प्रश्न आठवा. वस्तीत नळाला पाणी पहाटे तासभर येतं आणि रांगेत मूल उभं असतं. पुनर्वसनात घर माहुलसारख्या लांबच्या ठिकाणी गेलं, शाळा मात्र जुन्याच जागी राहिली. अशा मुलाच्या शेऱ्यात ‘प्रवास लांबचा, पहिला तास अनेकदा बुडतो, गणितातला तेवढा भाग भरून घ्यावा’ असं लिहिलं तर पुढच्या शिक्षकाला काही करता येतं.

‘मुलगी समंजस, शांत, मदत करणारी.’ आणि त्याच गुणांच्या मुलाला ‘हुशार, जिज्ञासू, नेतृत्वगुण’. दहा मुलींचे आणि दहा मुलांचे शेरे शेजारी ठेवून विशेषणं रंगीत पेनने अधोरेखित करा. दुसरं काही करावंच लागत नाही, पान स्वतःच बोलतं.

६. झाडू, पाणी, फूल

आठवडाभराची कामं लिहून काढा: फळा पुसणे, वर्ग झाडणे, पाण्याची बाटली भरून आणणे, कार्यालयात हजेरी पोचवणे, परिपाठात सुविचार वाचणे, पाहुण्यांना फूल देणे, वर्गप्रमुख. प्रत्येकापुढे मागच्या महिन्यात ते कुणी केलं त्याचं नाव. झाडणारी नावं आणि फूल देणारी नावं वेगळी निघाली तर हजेरी क्रमांकाने पाळी लावा आणि तक्ता भिंतीवर टांगा. ‘त्याला आवडतं झाडायला’ हे कारण मान्य करू नका. पोषण आहार वाढताना आणि खाताना रांगा कशा लागतात, कुणाचा डबा कुणी घेत नाही, हे आठवड्यातून एकदा उभं राहून पाहा.

७. योजनांच्या घोषणा वर्गात करू नका

‘एससीवाले उभे राहा, शिष्यवृत्तीचे फॉर्म आलेत.’ शाळाशाळांतून हे वाक्य आजही ऐकू येतं. बोलणाऱ्याला ते निव्वळ कारकुनी काम वाटतं. उत्तर प्रदेशात हॉफ आणि पांडे या संशोधकांनी सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात पुकारली नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवल्यावर दलित मुलांची कोडी लक्षणीय कमी सुटली. मुलं तीच, कोडीही तशीच.

फॉर्म बंद लिफाफ्यात, दप्तरात ठेवायला सांगून द्या, किंवा पालकांना कार्यालयात बोलवा. खाजगी शाळांत शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांवर आलेल्या मुलांना ‘आरटीईवाले’ म्हणणं स्टाफरूममध्येही बंद करा. तिथला शब्द वर्गात यायला वेळ लागत नाही. आणि हा नुसता शिष्टाचार नाही: २००९च्या याच कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी घालतं आणि उल्लंघन करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

८. सण आणि उपास

थोडक्यात: चाचण्यांचं वेळापत्रक करताना दिनदर्शिकेवर गणपती-गौरीबरोबर दोन्ही ईद, छठ, पर्युषण, नारळी पौर्णिमा, १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरही खुणावून ठेवा. ६ डिसेंबरच्या आधीचे दोन-तीन दिवस दादरच्या चैत्यभूमीसाठी अनेक घरांत गावाकडून पाहुणे आलेले असतात. रोजा असलेल्या मुलाला खेळाच्या तासाला सावलीत बसून गुणलेखन द्या, पण ‘कशाला करतोस एवढ्या लहान वयात’ हे भाष्य नको. वर्गातल्या श्रावणी सोमवारच्या उपासाला तुम्ही तसं विचारत नाही.

९. पालकसभा

सभेची वेळ ठरवण्याआधी चिठ्ठी पाठवून विचारा. घरकाम करणाऱ्या बाईला सकाळची सभा जमत नाही, दुपारची जमू शकते. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या कामगाराचा सकाळ गेली म्हणजे दिवसाचा रोज गेला.

प्रत्येक पालकाला खुर्ची. इंग्रजी बोलणाऱ्या आईला ‘बसा ना मॅडम’ आणि दुसरीला उभ्याउभ्या ‘काय गं, मुलाला जरा बघत जा’ हे आपल्याकडून होतं का, हे सहकाऱ्याला बघायला सांगा. सगळ्यांना ‘अहो’, ‘ताई’, ‘दादा’. सुरुवात मुलाच्या एका पाहिलेल्या चांगल्या गोष्टीने, मग अडचण, मग पालकांना विचारणं. दुभाषा लागला तर दुसरा पालक किंवा सहकारी घ्या. त्याच मुलाला स्वतःची तक्रार भाषांतर करायला लावू नका.

१०. स्टाफरूममध्ये काय बोलायचं

‘त्या झोपडपट्टीतली पोरं अशीच.’ नव्या शिक्षकाने इथे भाषण दिलं तर तो एकटा पडतो. गप्प बसला तर ते वाक्य त्याचंही होतं. प्रश्न विचारणं सगळ्यात सोपं: ‘सर, कोणतं मूल? काय केलं त्याने?’ सरसकट बोलणं एका मुलावर आलं की पुढचं बोलणं कामाचं होतं. मागच्या वर्षीच्या शिक्षकाकडून मुलांची ‘माहिती’ घ्यायची असेल तर लिफाफा बंद केल्यानंतर घ्या, आधी नको.

पुन्हा कधी

दिवाळीनंतर टप्पा ३ आणि ४ परत करा, बाकीचे पुढच्या जूनमध्ये. नावं असलेले कागद शाळेच्या कपाटात ठेवू नका. आकडे वहीत उतरवा आणि कागद फाडून टाका. दुसऱ्या सत्रात बाक बदललेले असतात, त्यामुळे आसननकाशा नवा काढा. जुन्या झेरॉक्सवर मोजलंत तर सगळ्या खुणा भलत्याच मुलांच्या नावावर पडतील.